पोळी-भात न सोडता जेवण सुधारायचंय? इथून सुरू करा

रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरलाइन आली किंवा पॅन्टचं बटण लागेना झालं की बहुतेक घरांत पहिला हुकूम निघतो तो भात बंदचा, त्याच्या मागोमाग बटाटा बंद, केळं बंद, आणि मग रात्री साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागले की चिवड्याचा डबा उघडतो. हे ज्यांच्या घरात चालू आहे किंवा चालू होणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. कार्ब्स म्हणजे काय, कॅलरी कशा मोजायच्या, आणि आपल्या रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीत नेमकं काय हलवायचं ते एकेक करून बघू. किनोआ, ॲव्होकॅडो असलं काही आणायची गरज नाही, वाण्याकडच्या आणि मंडईतल्या मालात सगळं होतं.

एक मात्र आधीच सांगते. तुम्हाला डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात-पोळी एकदम कमी करू नका, कारण औषधाचा डोस तुमच्या आत्ताच्या जेवणावर ठरलेला असतो, जेवण घटलं आणि डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगून, त्यांच्याकडून डोस बघून घेऊनच करा. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डाळी-प्रोटीन वाढवण्याआधी विचारायचं, आणि गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी हा लेख नाहीच.

आधी थोडं गणित, मग कटकट नाही

कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजायचं एकक, बस. १ ग्रॅम कार्ब्समधून ४ कॅलरी, १ ग्रॅम प्रोटीनमधून पण ४, आणि १ ग्रॅम फॅटमधून ९. हे तीन आकडे पाठ करा कारण पुढचं सगळं यावर चालतं. आणि यातून एक गोष्ट लगेच दिसते की ज्याला आपण सगळे दोष देतो त्या कार्ब्सपेक्षा तेला-तुपात ग्रॅमला दुपटीहून जास्त कॅलरी आहेत.

कार्ब्स म्हणजे नुसती साखर असं समजू नका. त्यात तीन गोष्टी येतात: साखर, स्टार्च आणि फायबर. साखर चहातली, गुळातली, फळातली. स्टार्च म्हणजे तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, साबुदाणा, पोहे, रवा. याचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. फायबर म्हणजे कोंडा, साल, भाजीतले धागे, हे आपल्याला नीट पचत नाही आणि तोच त्याचा उपयोग आहे, ते पोट भरलेलं ठेवतं आणि बाकीचं ग्लुकोज रक्तात हळूहळू जाऊ देतं. म्हणून एकाच वजनाचा मैदा आणि कोंड्यासकट कणीक यांच्या कॅलरीत फार फरक नसतो तरी शरीरात वागणूक वेगळी होते. १०० ग्रॅम कणकेत, ज्वारीत, बाजरीत, नाचणीत साधारण १० ते ११ ग्रॅम फायबर असतं, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. गिरणीतून आणलेलं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देत असाल तर ते आजच थांबवा, या अख्ख्या लेखातला सगळ्यात सोपा आणि फुकटचा बदल आहे हा.

रोज किती कॅलरी लागतात? आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन, यांनी बैठं काम करणाऱ्यांसाठी धरलेले आकडे असे की ६५ किलोच्या पुरुषाला २११० च्या आसपास आणि ५५ किलोच्या बाईला १६६० च्या आसपास. वजन कमी करायचं तर यातून ३०० ते ५०० कमी, त्याच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका, आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी छान चाललंय. बाईचा आकडा बघा परत एकदा. घरात सगळ्यांना एकाच मापाने वाढलं जातं आणि उरलेलं संपवायचं काम पण बहुतेक तिच्याकडेच येतं, त्यामुळे हा फरक डोक्यात असायलाच हवा.

"मी तर बारीक आहे, मला काय त्याचं" असं म्हणणाऱ्यांसाठी एक पुण्याचीच गोष्ट. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर नॉर्मल दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी जास्त असू शकते. म्हणून काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा ठेवा: आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं धरतात. शिंप्याकडची टेप चालते, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचं.

पहिली पायरी: आठवडाभर काही बदलू नका, फक्त मोजा

लोकांना हे कंटाळवाणं वाटतं पण याशिवाय पुढे जाऊ नका. आहे तेच खा आणि मोजा. किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा असला तर उत्तम, नसला तर एक वाटी आणि एक चहाचा चमचा ठरवा आणि तेच वापरा. घरातल्या वाट्या वेगवेगळ्या असतात, आमटीची वाटी वेगळी, बासुंदीची वेगळी, म्हणून एकदा पाणी भरून मापाच्या भांड्यात ओतून बघा किती मिली बसतं, साधारण १५० मिली निघेल.

आता लक्षात ठेवायचे आकडे. शिजवलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कार्ब्स, दाबून भरलेल्या वाटीत १५० ग्रॅम जातो, म्हणजे वाटीला दोनशेच्या जवळ. ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे १०० कॅलरी, बिनतेलाची. घडीची पोळी असेल, आत तेल, वरून तेल, डब्यात ठेवताना परत तुपाचा हात, तर तीच १४० पर्यंत जाते. तुमच्या घरची पोळी ३० ग्रॅमची आहे का हे एकदा कणकेचा गोळा काट्यावर ठेवून बघाच (मळलेली कणीक पाण्यामुळे जड असते, ३० ग्रॅम पिठाचा गोळा साधारण ४५-५० ग्रॅम भरतो), कारण बऱ्याच घरांत एक पोळी म्हणजे खरं तर दीड असते.

भाकरीबद्दल इथे बोलायलाच पाहिजे. "पोळी सोडली, भाकरीवर आलो, तरी वजन हलत नाही" हे खूप जण म्हणतात. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला कॅलरी जवळपास सारख्याच आहेत, पण भाकरीला पीठ ७०-८० ग्रॅम लागतं, म्हणजे एक भाकरी ही अडीच पोळ्यांच्या बरोबरीची. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर कॅलरी दुपटीच्या वर गेल्या. भाकरी चांगलीच आहे, तेल लागत नाही, पोट धरून ठेवते, नाचणीची असेल तर कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर चवीलाही तिच्यासारखी दुसरी नाही. पण मोजायची ती पिठात, नगात नाही.

आठवडाभर हे लिहायचं. मोबाइलमध्ये नोट्समध्ये लिहा, वहीत लिहा, ॲप वापरायचं तर वापरा, पण ॲपमध्ये "एक बाउल पोहे" असं टाकलं की ते कुठल्या बाउलचा आणि किती तेलाचा आकडा देतं कुणास ठाऊक, म्हणून शक्यतो कच्च्या वजनावरून टाका. चहा, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलांच्या ताटातलं उरलेलं, देवळातला प्रसाद, सगळं लिहा. आठ दिवसांनी वही उघडली की बहुतेकांना भातापेक्षा दुसऱ्याच जागा दिसतात.

दुसरी पायरी: ताटाची डावी बाजू

हा मुख्य भाग आहे, बाकी काहीच जमलं नाही तरी हे करा.

आपलं पारंपरिक ताट कसं वाढतात आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये भात, पोळी. रचना अप्रतिम आहे, सगळं आहे त्यात. पण आता प्रमाण असं झालंय की डावीकडची कोशिंबीर चमचाभर, पालेभाजी असली तर अर्धी वाटी, वरण इतकं पातळ की तळाला डाळ शोधावी लागते, आणि मध्ये तीन पोळ्या आणि वर भाताचा डोंगर. एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत हेच सांगितलंय की तृणधान्यांमधून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त यायला नको, प्रत्यक्षात आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के येते. २००० कॅलरीच्या दिवसासाठी त्यांचं ताट असं आहे: धान्य २५० ग्रॅम कच्चं, डाळी-कडधान्यं (किंवा त्यातल्या काहीच्या जागी अंडी, मासे, चिकन) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप सगळं धरून २७ ग्रॅम.

२५० ग्रॅम धान्य ऐकायला कमी वाटतं पण बघा: नाश्त्याचे पोहे ६० ग्रॅम, दुपारी दोन पोळ्या ६० ग्रॅम, अर्धी वाटी भात म्हणजे कच्चे तांदूळ २५ ग्रॅम, रात्री एक भाकरी ७० ग्रॅम. झाले २१५. उपाशी कुणी राहत नाही यात. अडचण येते ती ४०० ग्रॅम भाजीची, कारण तेवढी भाजी आपल्या घरात चारजणांत मिळून होते.

म्हणून क्रम उलटा करा. वाढताना आधी कोशिंबीर वाटीभर, चमचाभर नाही, काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कोबी, जे असेल ते, दही किंवा लिंबू घालून. मग भाजी वाटीभर. मग घट्ट वरण किंवा उसळ दीड वाटी. हे ताटात गेल्यावर जी जागा उरते तिथे पोळी आणि भात. खायचं पण याच क्रमाने सुरू करा, दोनचार घास कोशिंबीर-उसळीचे आधी, मग पोळी. भाजी आणि प्रोटीन आधी आणि स्टार्च नंतर खाल्लं की जेवणानंतरची शुगर कमी चढते हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि दुसरं म्हणजे भूक अर्धी भागलेली असते त्यामुळे तिसऱ्या पोळीला हात जात नाही.

आकड्यात बघायचं तर हे दुपारचं जुनं ताट: तेल लावलेल्या तीन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी वाटीभर, एक वाटी भात, पातळ वरण अर्धी वाटी, चमचाभर तूप. साधारण ८५० कॅलरी, कार्ब्स १४० ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन २० च्या आत. नवीन ताट: बिनतेलाच्या दोन पोळ्या, अर्धी वाटी भात, मटकीची उसळ दीड वाटी, मेथीची भाजी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, आणि तेच चमचाभर तूप. ७०० कॅलरीच्या आसपास, कार्ब्स १०० ग्रॅम, प्रोटीन २५ च्या जवळ. भात आहे, पोळी आहे, तूप पण आहे, आणि ताट आधीपेक्षा भरलेलं दिसतं. हे तुमच्या घरच्या तेलावर आणि पोळीच्या आकारावर थोडं मागेपुढे होईल.

प्रोटीनचं जरा लांबवते कारण शाकाहारी घरांत इथेच कमी पडतं. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज असं धरलेलं आहे, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम असतं, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते १५ ग्रॅम, मग मिळालं काय, तीन-साडेतीन ग्रॅम. वरण घट्ट करा, माणशी ३० ग्रॅम कच्ची डाळ पडेल असं बघा. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, वाल, कुळीथ आलटून पालटून रात्री भिजत टाका, रविवारी दोन प्रकारची कडधान्यं मोड आणून फ्रीजमध्ये ठेवली की बुधवारपर्यंत बघावं लागत नाही. पिठलं, झुणका, मुगाचं धिरडं, कुळथाचं पिठलं हे सगळं प्रोटीनच आहे. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १३ ग्रॅम मिळतं आणि खिशालाही परवडतं. अंडं ७० कॅलरीत ६ ग्रॅम देतं. कोकणात, गोव्यात बांगडा-तारली खाणाऱ्यांना तर चिंताच नको, १०० ग्रॅम मासळीत २० ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन असतं, फक्त आमटीबरोबर भाताच्या वाट्या मोजा आणि रवा लावून तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा तिखलं करा. उकड्या तांदळाच्या कॅलरी पांढऱ्या तांदळाइतक्याच असतात, त्यामुळे "उकडा आहे ना" म्हणून जास्त वाढून घेऊ नका.

बटाटा, रताळं, सुरण, कच्चं केळं, मका हे भाजीच्या हिशोबात धरू नका, धान्याच्या हिशोबात धरा. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी, इतकं साधं आहे, बटाट्याला घरातून हाकलायची गरज नाही.

तिसरी पायरी: बरणीतलं तेल आणि चहातली साखर

तेल रोज मोजणं अवघड आहे, महिन्याचं मोजा. एक लिटर तेल म्हणजे ८००० च्या वर कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी रोजचे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या, तूप, फरसाण आणि बाहेरचं खाणं वेगळं. महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटरवर आणायचा प्रयत्न करा. कसं? बरणीतून थेट कढईत ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. १ लहान चमचा ४०-४५ कॅलरी. चार जणांच्या भाजीला तीन-चार चमचे पुरतात, झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवलं की भाजी खाली लागत नाही, आपल्या आज्या तशीच करायच्या. कणकेत मोहन आणि पोळीत तेल दोन्ही नको, एकच ठेवा. दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं चांगलंच आहे पण तेही फॅटच, ३० ग्रॅम दाण्यात १७० कॅलरी, म्हणून भाजीत मूठभर कूट पडत असेल तर तेल कमी करा.

"कुठलं तेल चांगलं" यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ, जे आवडतं ते बदलून बदलून वापरा. लाकडी घाण्याच्या तेलाच्या कॅलरी पण तेवढ्याच असतात, चव म्हणून घ्या, जास्त वापरायची सूट म्हणून नको. तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नका.

साखर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांच्या रसातली साखर हे सगळं मिळून रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावं, ५ टक्क्यांच्या आत आणलं तर आणखी चांगलं. २००० कॅलरीला ते होतात ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. आता चहा मोजा. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम. फक्त चहात. एकदम बंद केलात तर आठवड्यात परत सुरू होईल, म्हणून दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय करून घेते, महिनाभरात अर्ध्या चमच्यावर आलात की जुना चहा गोड गोड लागेल. कप पण लहान घ्या.

गूळ घातला म्हणजे हेल्दी झालं हे मात्र डोक्यातून काढा. गुळात थोडं लोह वगैरे असतं, पण कॅलरी आणि शुगर वाढवणं साखरेसारखंच. मधाचंही तेच. डायबेटिस असलेल्या आई-बाबांना "गुळाचा आहे, खा" म्हणून दोन लाडू आग्रहाने वाढणारी घरं मी खूप बघितली, आणि मनापासून सांगते, हा प्रेमाचा प्रकार त्यांना महागात पडतो.

कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीत साखर ३० ग्रॅमच्या वर असते, उसाचा रस त्याच जातीतला. तहान लागली तर पाणी, ताक, साखर न घातलेलं कोकम, लिंबूपाणी मीठ-जिऱ्याचं. फळ मात्र खा, रोज खा, चावून खा. रस काढला की धागा गाळणीत राहतो आणि चार संत्र्यांची साखर एका ग्लासात येते. आंब्याच्या सीझनमध्ये एक आंबा कापून खाल्ला तर काही बिघडत नाही, बिघडतं ते साखर घातलेल्या वाटी-वाटी आमरसाने आणि त्याबरोबरच्या पुऱ्यांनी.

नाश्ता आणि डबा

पोह्यांची बदनामी फार झाली आहे. एक प्लेट घरचे पोहे, ६० ग्रॅम पोहे, दोन चमचे तेल, थोडे दाणे, ३५० कॅलरी. वाईट काय आहे? वाईट इतकंच की सगळं स्टार्च आहे आणि दोन तासांनी भूक लागते. मग पोहे ४० ग्रॅम करा आणि त्यात मटार, गाजर, मोड आलेले मूग, भरपूर कांदा, कोथिंबीर घाला, बरोबर ताक किंवा एक उकडलेलं अंडं. उपम्यालाही हाच नियम. भाजणीचं थालीपीठ आधीच डाळी-धान्यांचं असतं, दह्याबरोबर उत्तम, फक्त भोकांतून तेल सोडताना हात आवरा. बिस्किटं, खारी, टोस्ट हा नाश्ता नाही, मैदा-साखर-फॅट आहे, चहाबरोबर काही हवंच असेल तर भाजलेले चणे किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे ठेवा.

ऑफिसच्या डब्यात तीन पोळ्या आणि भाजी असते, तिथे एक पोळी काढून त्या जागी उसळीचा किंवा काकडी-गाजराचा वेगळा छोटा डबा द्या. पाचच्या सुमाराचा वडापाव रोज चालू असेल तर त्याचा बंदोबस्त चारलाच करायचा, काहीतरी पोटात घालून ठेवायचं, कारण भूक लागल्यावर गाडीसमोरून जाताना कुणाचाच निश्चय टिकत नाही. एका वडापावात ३०० च्या आसपास कॅलरी धरा, आठवड्यात एखादा खाल्ला तर हिशोबात बसतो.

पाकिटाच्या मागची बाजू

पुढे काय छापलंय ते वाचू नका, मल्टिग्रेन, डायट, बेक्ड, आटा, सगळं तिथे असतं. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिली तीन नावं महत्त्वाची. पहिलं नाव मैदा म्हणजे रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर ते मैद्याचंच आहे, मग ज्वारी-नाचणी पुढे दोन टक्क्यांनी का असेना. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते पण झटपट ग्लुकोज होणारं स्टार्चच.

मग तक्ता बघा, १०० ग्रॅमचा रकाना. "एका सर्व्हिंगला ९० कॅलरी" लिहिलेलं असतं आणि सर्व्हिंग असते २० ग्रॅमची, तुम्ही पाकीट संपवता ६० ग्रॅमचं. टोटल कार्बोहायड्रेटच्या खाली ॲडेड शुगर वेगळी दिलेली असते ती बघा. "नो ॲडेड शुगर" म्हणजे कॅलरी नाहीत असं नाही, खजुराच्या बारमध्ये भरपूर शुगर असते, नुसती वरून घातलेली नसते इतकंच.

उपास, सण, लग्न

साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, प्रोटीन नाहीच, फायबर नाही. एक प्लेट खिचडी, ७५ ग्रॅम साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, मोठा चमचा तूप, ६०० कॅलरीपर्यंत जाते, दोन पोळ्या आणि भाजी एवढ्या जेवणाहून जास्त. आठवड्याला दोन उपास आणि श्रावण-नवरात्र धरले तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. खिचडी आवडत असेल तर लहान वाटी घ्या आणि सोबत दह्यातली काकडी. बाकी राजगिऱ्याची भाकरी, भगर दाण्याच्या आमटीबरोबर पण भगर कमी आमटी जास्त, उकडलेलं रताळं, ताक, फळं. डायबेटिसच्या गोळ्या घेऊन निर्जळी किंवा दिवसभराचा उपास करणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका, हे मी दुसऱ्यांदा सांगतेय आणि मुद्दाम सांगतेय.

गणपतीत मोदक खा. पुरणपोळी खा. त्या दिवशी भात आणि साधी पोळी घेऊ नका म्हणजे झालं, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. दिवाळीचा फराळ घरात महिनाभर डब्यात राहतो तो खरा प्रश्न आहे, करतानाच अर्धा करा किंवा वाटून टाका. बाहेर मिसळ खाताना उसळ जास्त मागा, फरसाण कमी, तर्री वरून वेगळी घ्या, पाव एकच.

घरातल्यांना कसं सांभाळायचं

एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करायला लागलात तर जो करतो तो पंधरा दिवसांत थकतो. स्वयंपाक एकच ठेवा, प्रमाण वेगळं. ज्याला कमी खायचंय त्याचं ताट ओट्याशीच वाढून आणा, पातेली टेबलावर नको. सासूबाई, आई वाईट वाटून घेतील म्हणून आग्रह टाळता येत नसेल तर भाताऐवजी उसळीचा आग्रह करायला सांगा, आग्रह करणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं. वाढत्या वयाच्या मुलांच्या पोळ्या मात्र मोजू नका, त्यांना पोळीच्या जोडीला भाजी, डाळ आणि फळं तेवढी वाढवून द्या.

जेवण झालं की लगेच आडवं होऊ नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, गॅलरीत फेऱ्या मारल्या तरी चालेल. चालताना स्नायू रक्तातलं ग्लुकोज वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची शुगर कमी चढते. रात्रीचं जेवण जरा लवकर, जमेल तेवढं, शिफ्टची नोकरी असलेल्यांनी यावर स्वतःला कोसत बसू नये.

तपासणी कधी

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज केलंत तर मीठ-पाण्यानेच अर्धा-एक किलो वरखाली दिसतं आणि उगाच जीव खालीवर होतो. कंबर महिन्यातून एकदा, आधी लिहिली होती तिच्या शेजारी. एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगरची सरासरी दाखवते, त्यामुळे ती महिनाभरात परत करून पैसे घालवू नका, तीन महिन्यांनी करा आणि जाताना डॉक्टरांकडे ती आठवड्याची वही घेऊन जा, नुसतं "पथ्य पाळतो" सांगण्यापेक्षा ताटात काय होतं ते दिसलं की त्यांना डोस ठरवायला सोपं जातं.